सर्पिल दीर्घिकेचे तप्त प्रभामंडल : हैदराबादच्या फुग्यांपासून खोडदच्या तबकड्यांपर्यंत

या लेखाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

खाप्यात माझे मोटर वायंडिंगचे दुकान आहे. संत्र्याच्या बागांतले पंप जळाले की माझ्याकडे येतात. शिक्षण बारावीनंतर सुटले. खगोलशास्त्राचे वेड मात्र सुटले नाही, आणि गेली पंचवीस-तीस वर्षे मिळेल ते वाचत, मिळेल त्याला विचारत मी शिकत आलो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा भारताचा पहिला खगोलीय वेधशाळा-उपग्रह अवकाशात गेला, तेव्हा परिसरातल्या एका शाळेत मला व्याख्यानाला बोलावले होते. मी फळ्यावर खडूने एक सर्पिल दीर्घिका काढली, तिच्याभोवती मोठे वर्तुळ ओढले आणि मुलांना छातीठोकपणे सांगितले, की या दीर्घिकेभोवती लाखो अंश तापलेल्या वायूचे प्रभामंडल असते, ते फक्त क्ष-किरणांत दिसते, आणि आता आपला उपग्रह त्याचा फोटो काढणार आहे. टाळ्या पडल्या.

दोनेक वर्षांनी त्या शाळेतले विज्ञानाचे गुरुजी बाजारात भेटले. म्हणाले, “भाऊ, तो फोटो भेटला का? पोरं विचारतात.”

फोटो नव्हता. मी शोधला, सापडला नाही. मग तो का नाही, याचा शोध सुरू केला. त्या शोधात जो इतिहास हाती लागला, तो असा आहे की सर्पिल दीर्घिकेचे हे प्रभामंडल पाहण्यात महाराष्ट्राचा वाटा खरोखरच मोठा आहे. पण तो मी सांगितला त्या मार्गाने आलेला नाही. आपण दीर्घिकांच्या क्ष-किरणांकडे उपग्रहाच्या दारातून गेलो नाही. आपण गेलो ते रेडिओ दुर्बिणीच्या दारातून, जुन्नर तालुक्यातल्या खोडदहून. असे का झाले, हेच या लेखात मांडायचे आहे.

हवेची चाळणी

क्ष-किरण हाडांचा फोटो काढण्याइतके भेदक असले तरी पृथ्वीच्या वातावरणापुढे ते हरतात. आकाशातून येणारा क्ष-किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे क्ष-किरण खगोलशास्त्राचा जन्म अग्निबाण हाती आल्यावरच झाला. १८ जून १९६२ रोजी अमेरिकेत रिकार्दो जॅकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या अग्निबाणातून उपकरण वर पाठवले. चंद्राच्या पृष्ठभागावरून क्ष-किरण येतात का, हे त्यांना पाहायचे होते. जेमतेम सहा मिनिटांचे निरीक्षण. चंद्राचे किरण सापडले नाहीत. सापडला तो वृश्चिक राशीच्या दिशेने येणारा प्रखर स्रोत. त्याला पुढे ‘स्को एक्स-१’ हे नाव मिळाले. सौरमालेबाहेरचा हा पहिला ज्ञात क्ष-किरण स्रोत. या क्षेत्रातील कामासाठी जॅकोनींना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भारत या गोष्टीत फार उशिरा आला असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. बी. व्ही. श्रीकांतन त्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत काम करत होते. स्को एक्स-१ हा दृश्य प्रकाशात नेमका कोणता तारा, हे १९६६ साली ठरवणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. ते परतले आणि मुंबईत क्ष-किरण खगोलशास्त्राचा गट उभा राहिला. अग्निबाण सहज मिळत नव्हते. पण होमी भाभांच्या काळापासून विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी मोठे फुगे बनवण्याचे आणि उडवण्याचे कसब या संस्थेकडे होते. १९६८ साली हैदराबादहून उडवलेल्या फुग्यातून भारतीयांनी क्ष-किरण आकाशाचे वेध घेतले. डॉ. पी. सी. अग्रवाल यांच्यासारखे तरुण शास्त्रज्ञ याच फुग्यांवर घडले.

पुढचा सगळा इतिहास इथल्या एका अडचणीने ठरवला. फुगा साधारण ४० किलोमीटर उंचीवर जातो. त्याच्यावरही हवेचा एक विरळ थर उरतोच. ही उरलेली हवा चाळणीसारखी काम करते. सुमारे २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे जोरकस, म्हणजे ‘कठीण’ क्ष-किरण तिच्यातून खाली येतात. त्याहून कमी ऊर्जेचे ‘मृदू’ क्ष-किरण वरच अडतात. कठीण क्ष-किरण देतात ती मुख्यतः न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे. दीर्घिकेभोवतीचा तप्त वायू मात्र एक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे मृदू किरण देतो. म्हणजे फुग्यावर कितीही उत्तम उपकरण बसवले, तरी दीर्घिकेचे प्रभामंडल त्याला दिसणे शक्यच नव्हते.

साधन जसे, तसे प्रश्न. वायंडिंगच्या धंद्यात हे मी रोज पाहतो; ज्याच्याकडे जे मीटर, तो तोच दोष शोधतो. भारतीय क्ष-किरण शास्त्रज्ञ पुढची तीस-चाळीस वर्षे कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन ताऱ्यांचे जाणकार झाले, त्यामागे हे कारण आहे. १९ एप्रिल १९७५ रोजी गेलेल्या ‘आर्यभट्ट’वर क्ष-किरण उपकरण होते, वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे ते काही दिवसच चालले. १९९६ साली आयआरएस-पी३ या उपग्रहावर क्ष-किरण प्रयोग गेला आणि त्याने एका कृष्णविवराच्या लहरी स्वभावाचे उत्तम वेध घेतले. दीर्घिका मात्र या सर्वांच्या टप्प्याबाहेर राहिल्या.

पंचावन्न वर्षांचे भाकीत

इकडे जगात काय चालले होते?

१९५६ साली लायमन स्पिट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीच्या बराच वर थंड वायूचे ढग दिसतात. ते विखरून का जात नाहीत? त्यांना बाहेरून दाबून धरणारा अतिशय विरळ, अतिशय तप्त वायू आकाशगंगेला वेढून असला पाहिजे. सूर्याला जसा किरीट असतो, तसा दीर्घिकेलाही असावा. पुढे दीर्घिकांच्या जन्माचा सिद्धांत विकसित झाला, तेव्हा ही कल्पना अधिक ठोस झाली. मोठी दीर्घिका घडताना बाहेरचा वायू आत कोसळतो, धक्क्याने तापतो आणि सगळाच काही तारे होत नाही. बराचसा तप्त अवस्थेतच भोवती राहतो.

यात एक मोठा हिशेबही गुंतला होता. विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे सहावा हिस्सा तुमच्या-आमच्या शरीरासारख्या साध्या अणूंचा आहे. उरलेले अदृश्य द्रव्य. पण एखाद्या सर्पिल दीर्घिकेतले तारे आणि थंड वायू यांची बेरीज केली, तर साधे द्रव्य या हिस्स्यापेक्षा फारच कमी भरते. मग उरलेले गेले कुठे? तप्त प्रभामंडलात असेल, तर हिशेब जुळेल. नसेल, तर दीर्घिकांच्या जन्माची आपली समजच कुठेतरी चुकते आहे.

शोध सुरू झाला, पण सोपा नव्हता. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून ‘उहुरू’ हा फक्त क्ष-किरणांसाठीचा पहिला उपग्रह गेला. त्या दिवशी केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, आणि उहुरू म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘आइन्स्टाइन’ वेधशाळा गेली. तिच्यात क्ष-किरणांची खरी प्रतिमा बनवणारी दुर्बीण होती. क्ष-किरण सरळ पडले तर आरशात घुसतात. अगदी तिरपे, घसटून गेले तरच परावर्तित होतात. कन्हानच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा फेकला तर तो उसळत जातो, सरळ टाकला तर बुडतो, तसेच. म्हणून क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे एकात एक घातलेल्या नळकांड्यांसारखे असतात. आइन्स्टाइनने शेजारची देवयानी दीर्घिका कित्येक डझन क्ष-किरण बिंदूंमध्ये सुटी करून दाखवली. म्हणजे सर्पिल दीर्घिका क्ष-किरणांत चमकते, पण ते बरेचसे तिच्यातल्या जोडताऱ्यांमुळे. प्रभामंडल या बिंदूंच्या झगमगाटामागे दडलेले होते.

१९९० मध्ये जर्मनीच्या पुढाकाराने ‘रोसॅट’ गेला. मग १९९९ मध्ये दोन मोठ्या वेधशाळा गेल्या. २३ जुलैला अमेरिकेची ‘चंद्रा’, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. आणि १० डिसेंबरला युरोपची ‘एक्सएमएम-न्यूटन’. दोघींचे गुण वेगळे. चंद्राची नजर तीक्ष्ण. अर्ध्या विकलेइतका बारकावा तिला दिसतो. न्यूटनची ओंजळ मोठी. तिच्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी ५८ आरसे एकात एक बसवलेले आहेत, त्यामुळे अंधूक, पसरट प्रकाश गोळा करण्यात ती सरस. २०११ साली चंद्राच्या साहाय्याने एनजीसी १९६१ या अवाढव्य सर्पिल दीर्घिकेभोवती तप्त वायूचे प्रभामंडल स्पष्ट दिसले. पुढे एनजीसी ६७५३ आणि आणखी मोजक्या दीर्घिकांची भर पडली. स्पिट्झरच्या कल्पनेला तोवर पंचावन्न वर्षे झाली होती. सापडलेल्या दीर्घिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सगळ्या राक्षसी आकाराच्या. अशी आणखी एखादी शोधायची, तर आकाशात बघायचे कुठे?

खोडदची दिशा

इथे आपली मंडळी कथेत येतात.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या पुढे खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या मांडलेल्या. क्ष-किरणांशी या दुर्बिणीचा काही संबंध नाही. तिला ऐकू येतात त्या मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी.

पुण्याच्या आयुकातील डॉ. जयदीप बागची आणि सहकारी मोठ्या रेडिओ दीर्घिकांचा अभ्यास करत होते. काही दीर्घिकांच्या केंद्रातील कृष्णविवरापासून दोन विरुद्ध दिशांना वायूचे झोत सुटतात आणि टोकाला रेडिओ लहरींचे प्रचंड फुगवटे तयार होतात. असे झोत सोडणाऱ्या दीर्घिका जवळजवळ नेहमी लंबवर्तुळाकार असतात, असा अनुभव होता. सर्पिल दीर्घिकेतून एवढे झोत सुटत नाहीत, असे पाठ्यपुस्तकच सांगत असे.

२०१४ साली या गटाने ‘जे २३४५-०४४९’ नावाच्या दीर्घिकेबद्दल निबंध प्रसिद्ध केला. तिचे रेडिओ फुगवटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६ लाख पार्सेक, म्हणजे ५० लाखांहून अधिक प्रकाशवर्षे पसरलेले होते. आत आणखी एक लहान जोडी होती. म्हणजे कृष्णविवर एकदा पेटून शांत झाले आणि पुन्हा पेटले. आणि या सगळ्याच्या मध्यभागी बसलेली दीर्घिका चक्क सर्पिल होती. खोडदच्या रेडिओ वेधांबरोबर आयुकाच्या गिरवली येथील दोन मीटर दुर्बिणीने तिचा वर्णपट घेतला. तिची तबकडी सेकंदाला सुमारे ४२९ किलोमीटर वेगाने फिरते, असे निघाले. आपल्या आकाशगंगेच्या जवळपास दुप्पट. इतक्या वेगाने फिरणारी तबकडी विस्कटून जाऊ नये, तर तिला बांधून ठेवणारे वस्तुमानही तसेच प्रचंड हवे.

त्या निबंधाच्या लेखकांत आयुकाच्या लोकांबरोबर केरळमधल्या लहान गावांतील महाविद्यालयांचे अध्यापकही आहेत. हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. आणखी एक लेखक डॉ. आनंद होता. त्यांनी २०११ साली ‘स्पेका’ नावाची अशीच झोत सोडणारी सर्पिल दीर्घिका जीएमआरटीच्या साहाय्याने अभ्यासली होती, आणि २०१३ पासून ते सामान्य नागरिकांना रेडिओ प्रतिमा वाचायला शिकवणारा उपक्रम चालवतात.

आता वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. प्रभामंडल शोधायला क्ष-किरण दुर्बीण कुठे रोखायची? जिथे सर्पिल दीर्घिका असाधारण जड आहे, तिथे. ती कुठे आहे, हे या वेळी खोडद आणि गिरवलीने दाखवले.

एक एक किरण मोजून

२०१५ मध्ये वॉकर, बागची आणि केंब्रिजचे फेबियन यांनी एक्सएमएम-न्यूटनच्या वेधांतून या दीर्घिकेभोवती तप्त वायू दाखवून दिला. नंतर अधिक दीर्घ निरीक्षण घेतले गेले आणि २०२१ साली मिराखोर, वॉकर, बागची आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. माझ्या खडूच्या वर्तुळाचे खरे आकडे मला त्यात मिळाले. प्रभामंडल केंद्रापासून १,६०,००० पार्सेकपर्यंत, म्हणजे पाच लाख प्रकाशवर्षांहून दूरवर दिसते. तेवढ्या भागातील तप्त वायूचे वजन सुमारे ११५ अब्ज सूर्यांइतके. दीर्घिकेच्या गुरुत्वाची हद्द याच्या जवळपास तिप्पट अंतरावर आहे. तिथपर्यंत हिशेब वाढवला तर वायू सुमारे ८२५ अब्ज सूर्यांइतका होतो, आणि दीर्घिकेतल्या एकूण साध्या द्रव्याचा तो जवळपास ६५ टक्के भरतो.

म्हणजे आपण जिला दीर्घिका म्हणतो, ती देखणी सर्पिल तबकडी, तिच्यात साध्या द्रव्याचा लहान वाटा आहे. मोठा वाटा न दिसणाऱ्या पांघरुणात आहे. हरवलेल्या द्रव्याचा हिशेब या दीर्घिकेपुरता, चुकीची मर्यादा धरून, विश्वाच्या सरासरीशी जुळतो. मात्र त्याच मर्यादेत अर्धेच द्रव्य हद्दीच्या आत असण्याची शक्यताही बसते, हे लेखकांनीच लिहून ठेवले आहे. त्या वायूत जड मूलद्रव्ये सूर्याच्या तुलनेत एक दशांशच आहेत. याचा अर्थ, तो ताऱ्यांतून बाहेर फेकलेला नसून मुख्यतः बाहेरून आलेला मूळचा वायू असावा. खोडदला दिसलेल्या दोन्ही फुगवट्यांतूनही क्षीण क्ष-किरण मिळाले. विश्वाच्या जन्मापासून सर्वत्र पसरलेल्या सूक्ष्मलहरींना तिथले वेगवान इलेक्ट्रॉन धक्का देतात आणि त्यांचे क्ष-किरण बनवतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

न्यूटनची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. मी ती उतरवून घेतली. रात्री दुकान बंद झाल्यावर, मोबाइलचे नेट जोडून. उघडून पाहिले तर फोटो नव्हताच. काळ्या पडद्यावर सांडलेल्या मोहरीसारखे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक किरण. सुमारे एक अब्ज वर्षांचा प्रवास करून आलेल्यांत आमच्याच सूर्यमालेतले, उपकरणातले आणि मधल्या आकाशातले उपरे ठिपकेही मिसळलेले. कुठला ठिपका पाहुणा आणि कुठला घरचा, हे निवडण्यातच या शास्त्राची खरी मेहनत आहे. मला ते पूर्ण जमले नाही. पण केंद्राभोवती ठिपके थोडे दाट आहेत, एवढे माझ्या डोळ्यांनी पाहिले.

अ‍ॅस्ट्रोसॅटचा न्याय

मग अ‍ॅस्ट्रोसॅट कमी पडला का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. मृदू क्ष-किरणांची दुर्बीण त्याच्यावर आहे. टाटा संस्थेत डॉ. कुलिंदर पाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली, सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ आरशांची ती बनवली गेली. कॅमेरा इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने झाला. पण तिची नजर साधारण दोन कलांची. चंद्राच्या अर्ध्या विकलेशी तुलना केली तर दोनशे पटींहून अधिक जाड. ती बनवली होती प्रखर स्रोतांचा वर्णपट मोजायला. एकाच वेळी अतिनीलपासून कठीण क्ष-किरणांपर्यंत पाहणे हे या उपग्रहाचे बलस्थान. दूरच्या दीर्घिकेचा अंधूक प्रभामंडल हे तिचे कामच नव्हते. सर्पिल दीर्घिकांचे काम अ‍ॅस्ट्रोसॅटने केले, ते त्याच्या अतिनील दुर्बिणीने. चूक उपग्रहाची नव्हती, माझ्या भाषणाची होती. फुग्यांपासून चालत आलेली परंपरा त्या उपग्रहात होती आणि तो त्या परंपरेला जागला.

आणि मराठी मुलखाने क्ष-किरणांतल्या दीर्घिकांकडे पाठ फिरवली असेही नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील आणि लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयातील अध्यापक-विद्यार्थ्यांनी चंद्राच्या खुल्या निरीक्षणांवरून दीर्घिकांच्या समूहांतील तप्त वायूवर निबंध लिहिले आहेत. कृष्णविवराच्या झोतांनी त्या वायूत पाडलेल्या पोकळ्या त्यांनी मोजल्या. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली आयुका उभी केली, ती विद्यापीठांतल्या शिक्षकांना अशा कामाची वाट मोकळी व्हावी म्हणून. तिचे हे फळ आहे. उपग्रह दुसऱ्याचा असला तरी त्याच्या निरीक्षणांतून निघालेला अर्थ आपला असू शकतो.

गेल्या वर्षी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. माझे पहिले श्रोते केव्हाच शाळा सोडून गेले होते. बाकांवर नवी मुले होती. गुरुजींच्या परवानगीने आधी जुनी चूक सांगितली, मग फळ्यावर तीच दीर्घिका काढली. या वेळी वर्तुळाच्या आत ठिपके मारले आणि बाजूला खोडदच्या तबकड्या काढल्या. एका मुलीने विचारले, “काका, मग तुमचा फोटो ठिपक्यांचाच आहे का?” हो म्हणालो. टाळ्या काही पडल्या नाहीत. पण तास संपल्यावर चार मुले ठिपके मोजायला फळ्यापाशी आली.

दिवाळीच्या दिवसांत रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डोक्याच्या थोडे खाली, कुंभ आणि मीन राशींच्या परिसरात, ही दीर्घिका असते. अमावास्येचा अंधार असूनही डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही.

ती तिथेच आहे, आपल्या पांघरुणासकट.